डावी बाजू

“रत्ना, तू पुढं बस,” आबा म्हणाले, आणि गाडीच्या पुढच्या दाराकडं गेलेला आईंचा हात तसाच मागं आला.

आई भाकरीची बुट्टी मांडीवर घेऊन मागं बसल्या. शेजारी तेजू, माझ्या थोरल्या दिरांची सहा वर्षांची मुलगी. तिचे आईवडील बेळगावला होते, उन्हाळ्याची सुट्टी ती आजीआजोबांकडं काढायची. मी अवघडून पुढं बसले. लग्नाला दोन महिने झाले होते. सासूच्या जागेवर बसायचं म्हणजे काय, एवढं मला कळत होतं.

“नवी सून आहे, बघू दे तिला मुलूख,” आबा आरशात बघून आईंना म्हणाले, आणि फियाट चालू केली.

सासरे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. धरणांच्या कामावर तीस वर्षं जीप चालवली, आणि गाडीला एक ओरखडा पडला नाही, हे ते स्वतः सांगायचे नाहीत, पण कोल्हापुरातला प्रत्येक नातेवाईक सांगायचा. निवृत्त झाल्यावर त्यांनी गगनबावड्याच्या रस्त्याला, फाट्यापासून चार किलोमीटर आत, एका माळावर दोन खोल्यांचं घर बांधलं होतं. उन्हाळ्यातला प्रत्येक शनिवार-रविवार तिथं. शनिवारी सकाळी आम्ही गाडीनं जायचं. माझे यजमान, उदय, शिरोलीच्या फौंड्रीत होते. ते पाळी संपवून संध्याकाळी मोटरसायकलनं यायचे. रविवारी उन्हं कलली की सगळ्यांनी परतायचं.

गाव सुटल्यावर आबा म्हणाले, “हे बघ, उजवीकडं माझं लक्ष असतं. डावीकडं आरसा नाही ह्या गाडीला. तर डावीकडं काय काय दिसतं, ते तू सांगत राहायचं. बघू तुझी नजर किती तेज आहे.”

मी परभणीकडची. आमच्याकडं काळी सपाट रानं आणि मे महिन्यात डोळ्यांत जाणारा फुफाटा. डोंगर मी चित्रातच बघितलेला. मला बोलायला निमित्तच मिळालं. “सायकलवाला आहे. बाया चालल्यात तीन, डोक्यावर घागरी. पुढं दोन म्हशी आणि एक हल्या.”

“हल्या काय काकू,” तेजू मागून हसली. “रेडा म्हणतात.”

“असू दे, मला कळतं,” आबा म्हणाले. “बोल तू. थांबू नको.”

मी थांबत नव्हते. सासरी मला इतकं बोलू देणारं दुसरं कुणी नव्हतं. एप्रिल सरेपर्यंत त्या रस्त्याची डावी बाजू मला पाठ झाली. आईंना मात्र ते रुचत नव्हतं. एकदा भाकरी थापताना त्या म्हणाल्या, “आम्हाला अडतीस वर्षांत कधी विचारलं नाही, डावीकडं काय दिसतंय म्हणून.” मी खाली मान घालून पीठ मळत राहिले. आतून थोडं बरंही वाटलं, खोटं कशाला सांगू.

घर साधं होतं. पुढं ओसरीसारखा सोपा, मागं विहीर, कडेनं काजूची झाडं आणि एक जुना फणस. पण तिथं आबांची शिस्त घरच्यापेक्षा कडक. खुर्ची ओढली की उठताना परत भिंतीला लागली पाहिजे. बादली रांजणाशेजारीच. पायऱ्यांच्या कडांना पांढरा चुना, विहिरीकडं जाणाऱ्या पायवाटेला दोन्ही बाजूंनी चुना लावलेले दगड. आलेला पाहुणा म्हणायचा, काय टापटीप आहे. आई म्हणायच्या, खात्याची सवय, दुसरं काय.

मे महिन्यातला तिसरा शनिवार. सकाळचे नऊ वाजले असतील. रस्ता सरळ होता, दोन्ही बाजूंना नांगरून टाकलेली उघडी रानं. तेजू मागून म्हणाली, “काकू, माझी रिबीन सुटली.” मी वळले, तिचं डोकं जवळ ओढून गाठ मारायला लागले. तेवढ्यात माझ्या बाजूनं दाराला काहीतरी खरवडत गेलं आणि धप्प असा आवाज आला.

“काय वाजलं?” आबांनी विचारलं. मग त्यांनी ब्रेक दाबला.

मी मागच्या काचेतून पाहिलं. रस्त्याच्या कडेला एक म्हातारी बाई मातीत बसली होती आणि तिच्या भोवती जळणाची लाकडं पसरली होती.

आम्ही धावलो. तिचं कोपर खरचटलं होतं. मोळीला दाराचा धक्का लागला होता, तिला लागला नव्हता. चार बोटांचा फरक. आईंनी तांब्यातलं पाणी तिच्या हातावर ओतलं, आपला रुमाल बांधला. तिचं नाव हौसाबाई, पलीकडच्याच वाडीची.

“मी आपली कडंनं चालल्याली,” ती आबांकडं बघून म्हणाली. रागानं नाही, नवल वाटल्यासारखी. “एवढ्या उजेडात दिसली न्हाई व्हय मी?”

आबा खाली बसले आणि लाकडं गोळा करू लागले. मोळी त्यांनी स्वतः बांधली. मग म्हणाले, “चला, तुम्हाला दवाखान्यात नेतो.”

“नगं. मी न्हाई बसत ह्या गाडीत,” हौसाबाई म्हणाली, आणि मोळी डोक्यावर घेऊन रानातून निघून गेली.

गाडीत बसल्यावर आईंनी विचारलं, “काय झालं हो?”

“कुत्रं आडवं आलं. ते चुकवायला गेलो.”

आईंनी “मेलं कुत्रं” म्हटलं आणि विषय संपला. माझा संपला नाही. कुत्रं चुकवणारा माणूस ‘काय वाजलं’ असं विचारत नाही.

पुढचा रस्ता मी डावीकडचं सगळं सांगितलं, पण माझा आवाज मलाच परका वाटत होता. पहिल्यांदा मनात आलं, मी मागं वळायला नको होतं. माझं लक्ष असतं तर ती बाई पडली नसती. घर येईपर्यंत मी स्वतःलाच दोष देत होते. तांदूळ निवडायला बसले तेव्हा कुठं डोक्यात आलं, की गाडी मी चालवत नव्हते. मग माझ्या बघण्या न बघण्यावर कुणाचं पडणं कसं काय अवलंबून?

त्या दुपारी मी आबांकडं बघत राहिले. ते सोप्यातून भरलेला तांब्या घेऊन आले. मी दाराच्या डाव्या बाजूला, भिंतीला लागून उभी होते. मुद्दाम हलले नाही. त्यांचा सदरा माझ्या पदराला घासून गेला. ते तसेच आत गेले. समोर खुंटीला टांगलेल्या पंचांगाची दोरी निसटली होती, ती मात्र त्यांनी लांबून पाहून नीट केली.

संध्याकाळी उदय आले. विहिरीवर हातपाय धूत होते, तेव्हा मी म्हणाले, “आबांना नीट दिसत नाही.”

“कुणाला? आबांना?” ते हसले. “काल चष्म्याशिवाय औषधाच्या पुडीवरचं बारीक अक्षर वाचून दाखवलं मला.”

मी सकाळचं सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग टॉवेल खांद्यावर टाकत म्हणाले, “अगं, असं होतं एखाद्या वेळी. तू नवीन आहेस. हे आईपुढं बोलू नको, तिला आधीच तुझं पुढं बसणं खुपतंय.”

रविवारी सकाळी आबा काजूच्या रोपांना पाणी घालत होते. मी जाऊन त्यांच्या डाव्या हाताला उभी राहिले. एक रोप झालं, दुसरं झालं.

“आबा.”

ते दचकले. बादलीतलं निम्मं पाणी त्यांच्या पायावर सांडलं. “कधी आलीस?”

“मघापासून इथंच आहे. हाताच्या अंतरावर.”

त्यांनी सगळं अंग वळवून माझ्याकडं पाहिलं. मग बादली खाली ठेवली.

“कुत्रं नव्हतं,” मी म्हणाले.

“नव्हतं.”

फणसावर कावळ्यांची भांडणं चालली होती. आबा बांधावर बसले. मला बस म्हणाले, मी उभीच राहिले.

“काचबिंदू म्हणतात त्याला,” ते म्हणाले. “दीड वर्ष झालं. मिरजेच्या डॉक्टरांनी सांगितलं. समोरचं अगदी लख्ख दिसतं. बाजूचं गेलं. डावीकडचं जास्त. नळीतून बघितल्यासारखं असतं सगळं. गेलेलं परत येत नाही, आहे ते टिकवायला थेंब घालतो.”

“आईंना माहीत आहे?”

“नाही.”

“उदयना?”

त्यांनी नाही म्हणून मान हलवली. घराकडं बघत म्हणाले, “फाट्यापासून चार किलोमीटर आहे हे. तिच्या गुडघ्यांना चालवत नाही. गाडी थांबली की हे घर थांबलं. पोरं पहिल्या वर्षी दोनदा येतील, दुसऱ्या वर्षी एकदा. तिसऱ्या वर्षी गिऱ्हाईक शोधतील. आणि ही तिकडं तीन खोल्यांत बसून राहील. तू बघितलं नाहीस तिला, इथं यायच्या आधी कशी असायची. आठवडा-आठवडा कुणाशी बोलायची नाही. इथं येऊन माणसात आली.”

ते माझ्याकडं न बघता पुढं म्हणाले, “आता तू आहेस. डावी बाजू तू सांगतेस, बाकीचं मी बघतो. दोघांचं मिळून चालतंय की. ह्या उन्हाळ्यापुरतं. काल काय झालं, तू मागं वळलीस.”

त्यांनी मला दोष देण्यासाठी ते म्हटलं नव्हतं. साधा हिशोब सांगावा तसं म्हटलं. तरी मला ते लागलं.

“आणि उद्या मी शिंकले तर?” मी विचारलं.

आबांनी बांधावरचा एक खडा उचलून बाजूला ठेवला.

“तुम्ही सांगा सगळ्यांना,” मी म्हणाले. “आज निघायच्या आधी. नाहीतर मी त्या गाडीत बसणार नाही. तेजूलाही बसू देणार नाही.”

“धमकी देतेस?”

“नाही आबा. भीती वाटते मला.”

ते उठले, बादली उचलून रांजणापाशी ठेवून आले. माझ्या जवळून जाताना म्हणाले, “बघतो.”

दिवसभर मी वाट पाहिली. जेवताना त्यांनी फणसाची भाजी दोनदा मागून घेतली. दुपारी तेजूला धरणाची गोष्ट सांगितली, पाणी पहिल्यांदा अडवलं तेव्हा मासे कसे गोंधळले त्याची. उदयबरोबर कौलं तपासली. आईंनी दगडी गडग्यापलीकडच्या शेजाऱ्याच्या, केरबाच्या बायकोला बोलावून लोणच्याच्या कैऱ्या चिरल्या, दोघी कशावरून तरी खूप हसल्या. आबा सोप्यातून ते हसणं ऐकत होते. मला तेव्हाच कळलं, की ते आज काही सांगणार नाहीत.

साडेचारला सामान गाडीत भरलं. आबा चालकाच्या जागी बसले. आई मागं बसल्या. उदय घराला कुलूप लावत होते. मी तेजूचा हात धरून फणसाखाली उभी राहिले.

“रत्ना, बस ना,” उदय म्हणाले.

“मी फाट्यापर्यंत चालत जाते. तिथून एस.टी. मिळेल. तेजूला नेते.”

“हे काय आता?”

आई खिडकीतून बाहेर वाकल्या. “कशाबद्दल रुसवा आहे? अंगाची हळद उतरली नाही अजून, आणि ही नाटकं? तेजू, ये इकडं.”

तेजूनं माझ्याकडं पाहिलं. मी तिचा हात सोडला नाही. आबांकडं पाहिलं. ते समोरच्या काचेतून सरळ बघत होते, दोन्ही हात स्टिअरिंगवर. एक शब्द बोलले असते तर पुरलं असतं. मी बोलले असते तरी पुरलं असतं. पण सगळ्यांदेखत त्यांचं हे उघडं करायला माझी जीभ रेटली नाही.

“येते,” मी म्हणाले आणि चालायला लागले.

फाटकाबाहेर वाट डावीकडं वळते आणि दोन गडग्यांच्या मधून जाते, एका गाडीपुरती. मागून आईंचा आवाज येत होता, उदय काहीतरी समजावत होते. तेजू म्हणाली, “काकू, आपण का चाललोय?”

“पाय मोकळे करायला.”

वीस-पंचवीस पावलं गेल्यावर माझ्या लक्षात आलं, की आईंना मी त्याच गाडीत सोडून आले होते. एकटीनं शहाणपण करून मी स्वतःला आणि पोरीला तेवढं बाहेर काढलं होतं. मी थांबले. परत फिरावं आणि सांगून टाकावं, काय व्हायचं ते होऊ दे. तेवढ्यात गाडी चालू झाल्याचा आवाज आला. मी तेजूला गडग्याला चिकटून उभं केलं.

गाडीचं नाक फाटकातून बाहेर आलं आणि थांबलं. इंजिन थोडा वेळ घरघरत राहिलं. मग बंद पडलं.

कुणी उतरलं नाही. बऱ्याच वेळानं उदय गाडीजवळ गेले, काचेशी वाकले. वाकलेलेच राहिले. शेवटी चालकाचं दार उघडलं. आबा उतरले, बॉनेटवर हात ठेवत ठेवत गाडीला वळसा घालून पलीकडं जाऊन बसले. उदय त्यांच्या जागी बसले. मोटरसायकल तिथंच राहिली.

गाडी आमच्याजवळ येऊन थांबली. आईंनी आतून दार उघडलं. “बसा,” म्हणाल्या.

फाटा मागं पडल्यावर आईंनी विचारलं, “थेंब कुठं ठेवता?”

“हत्यारांच्या डब्यात,” आबा म्हणाले.



पुढच्या रविवारी आबांनी उदयना गाडी हौसाबाईच्या वाडीला घ्यायला लावली. तिच्या दारात उभे राहून म्हणाले, “बाई, मला खरंच दिसलं नाही. डोळे गेलेत माझे बाजूनं.” हौसाबाईनं त्यांना वरखाली पाहिलं आणि म्हणाली, “मग तवाच सांगायचं न्हाई व्हय. मला आपलं वाटलं, दारू प्यालाय म्हातारा.” नंतर चहा केला.

आई मात्र माझ्याशी पंधरा दिवस कामापुरतंच बोलल्या. मला वाटत होतं, आबांचा कमीपणा झाला म्हणून राग असेल. एके दिवशी ताक घुसळता घुसळता त्या म्हणाल्या, “अडतीस वर्षांचा संसार. आणि माझ्याआधी तुला सांगितलं त्यांनी.”

“त्यांनी नाही सांगितलं, आई. माझ्या लक्षात आलं.”

“तेच म्हणतेय मी,” आई म्हणाल्या. त्यांचा हात थांबला. “माझ्या लक्षात यायला नको होतं? पायऱ्यांना चुना काय, दगडांना चुना काय. मीच कालवून दिला चुना.”

त्याच रात्री जेवताना त्यांनी जाहीर केलं, “मी गाडी शिकते.”

उदयना ठसका लागला. आईंचं वय तेव्हा छप्पन्न. आबा हसले नाहीत. “क्लच जड आहे,” एवढंच म्हणाले.

“असू दे. आता मला न सांगता मला कुणी कुठं न्यायचं नाही.”

माळावरच शिकल्या त्या. उदयचे कॅनव्हासचे बूट घालून. केरबा आधी गुरं हाकलून लांब न्यायचा. शेजारी आबा बसायचे आणि इंजिनाच्या आवाजावरून सांगायचे, आता दुसरा टाक, आता सोड. पहिल्या परीक्षेत चढावर गाडी मागं आली आणि नापास झाल्या. दिवाळीनंतर पास झाल्या. पुढच्या उन्हाळ्यापासून शनिवारची गाडी आई चालवायच्या, तीसच्या वर कधी नाही, प्रत्येक वळणावर हॉर्न. बैलगाड्या आम्हाला मागं टाकतात की काय असं वाटायचं. अकरा उन्हाळे आम्ही असे गेलो. माझी दोन्ही मुलं त्या घरात चालायला शिकली. शेवटची काही वर्षं आबांना समोरचंही दिसेनासं झालं, तरी चुन्याच्या दगडांमधून ते विहिरीपर्यंत एकटे जायचे.

आबा गेल्यानंतरच्या मे महिन्यात आई आणि मी सोप्यात फणस सोलत बसलो होतो. हाताला तेल, मधे गऱ्यांची परात. आई एकदम म्हणाल्या, “त्या दिवशी फाटकाशी गाडी का थांबली, ते तू कधी विचारलं नाहीस.”

“तुम्ही कधी सांगितलं नाही.”

“मी रागात होते. म्हटलं, चला तुम्ही, पाय दुखले की येईल बसायला. त्यांनी गाडी फाटकाबाहेर काढली आणि थांबले. मला विचारलं, ‘त्या दोघी कुठल्या कडेनं चालल्यात?’” आईंनी एक गरा परातीत टाकला. “मला वाटलं, चेष्टा करतायत. डावीकडं बघितलं तर तुम्ही तिथं होता, त्या फणसाच्या झाडाइतक्या अंतरावर. तेजूचा लाल फ्रॉक. मी म्हटलं, दिसत नाहीत होय? तर म्हणाले, ‘नाही. पण तू सांगितलंस तर सांभाळून नेतो.’”

“मग?”

“मग काय. मागून हात घातला आणि किल्ली काढून घेतली.”

आईंनी विळी पुढं ओढली, फणसाचा दुसरा तुकडा उचलला. मला वाटलं, संपलं सांगून.

“आबा काही बोलले नाहीत?” मी विचारलं.

“हात स्टिअरिंगवरून मांडीवर घेतले. मला वाटलं, आता चिडतील. किल्ली मागतील. मी घट्ट धरून बसले होते.” त्या विळीवरून मान वर न करता म्हणाल्या, “मग म्हणाले, ‘आता झोप लागेल मला.’”